कलांचोची कुंडी दुसऱ्या वर्षी का फुलत नाही? कारण अंगणातल्या बल्बमध्ये

डिसेंबर-जानेवारीत तालुक्याच्या आठवडी बाजारात रोपांच्या गाडीवर एक कुंडी हमखास दिसते. वीतभर उंचीचं झाड, जाड चकचकीत पानं, पानांच्या कडेला बोथट दाते आणि वर लाल, केशरी, पिवळ्या, गुलाबी नाहीतर पांढऱ्या बारीक फुलांचा गच्च झुबका. नर्सरीवाले त्याला कलांचो म्हणतात. कोणी कॅलेंचो म्हणतं, कोणी कलंचू. फुलं महिना-दीड महिना सहज टिकतात, म्हणून लोक आवडीने घेऊन जातात.

खरी तक्रार पुढच्या वर्षी सुरू होते. झाड जिवंत आहे, पानं हिरवीगार आहेत, खतपाणी वेळेवर आहे, पण कळी म्हणून नाही. मग कोणी जास्तीचं शेणखत घालतं, कोणी चिमूटभर युरिया टाकतं. कोणी ‘नर्सरीवाल्याने इंजेक्शन मारून फुलवलं होतं’ असं म्हणून नाद सोडून देतं. इंजेक्शन वगैरे काही नसतं. त्या झाडाला पुरेशी अंधारी रात्र मिळालेली नसते, एवढंच.

सोयाबीनसारखाच स्वभाव

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही, कारण त्याने ती शेतात पाहिलेली आहे. रस्त्यावर हायमास्ट दिवा बसला की त्याच्या उजेडात येणाऱ्या सोयाबीनच्या ओळी बघाव्यात. बाकी रान पिवळं पडून काढणीला आलेलं असतं आणि दिव्याजवळचा पट्टा मात्र हिरवाच राहतो. फूल उशिरा, शेंगा कमी. तिथे ना बियाण्याचा दोष असतो ना खताचा. उशिराच्या तुरीचंही तसंच. पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी फुलोरा दिवस लहान झाल्यावरच येतो. शेवंतीचे काही शेतकरी तर याच गुणाचा उलटा फायदा घेतात. रात्री शेतात बल्ब लावून ते फूल लांबवतात आणि भाव असेल तेव्हा माल काढतात.

अशा झाडांना लहान दिवसाची झाडं म्हणतात. नाव लहान दिवसाचं असलं तरी झाड मोजतं ती रात्र. पानात प्रकाश ओळखणारं एक रंगद्रव्य असतं. अंधार पडला की त्याचं रूप हळूहळू बदलायला लागतं, आणि सलग ठरावीक तास अंधार मिळाला तर पानातून शेंड्याला निरोप जातो की आता पानं काढणं थांबव आणि कळी धर. मध्येच उजेड पडला की मोजणी मोडते. म्हणून मध्यरात्री थोडा वेळ लागलेला बल्बसुद्धा झाडाच्या हिशोबाने लांब रात्रीचे दोन तुकडे करतो. दिवसभर कितीही ऊन मिळालेलं असो, त्याची भरपाई होत नाही.

कलांचोला कळी धरायला साधारण बारा तासांपेक्षा लहान दिवस लागतो. रात्र चौदा तासांची मिळाली तर काम बिनचूक होतं. आपल्याकडे जूनच्या शेवटी दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास येतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखी होते. सूर्य मावळल्यावरही थोडा वेळ उजेड राहतो, तो झाडाच्या दृष्टीने दिवसच. म्हणजे उघड्यावर, दिव्यापासून लांब ठेवलेल्या कलांचोची खरी मोजणी ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते. तिथून पुढे दोन-अडीच महिन्यांनी फुलं. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत बाजारात हेच झाड का भरलेलं असतं, त्याचं उत्तर इथे आहे.

आता घरातलं चित्र बघा. कुंडी ठेवलेली असते ओट्यावर, व्हरांड्यात, नाहीतर खिडकीत. संध्याकाळी सातला बल्ब लागतो तो अकरापर्यंत. काही घरांत चोराच्या भीतीने बाहेरचा एलईडी रात्रभर चालू असतो. त्या झाडासाठी वर्षभर जूनच चालू आहे. मग ते फुलणार तरी कसं?

जर्मनीत रिशार्ड हार्डर नावाच्या शास्त्रज्ञाने याच झाडावर प्रयोग करून दाखवलं होतं की सगळं झाड झाकायची गरजही नसते. एका पानाला लांब रात्र दिली तरी त्या पानाच्या बाजूला फूल येतं. रात्र मोजायचं काम शेंडा करत नाही, पान करतं, हे त्यातून कळलं. आपल्याला अर्थात एकेक पान झाकत बसायचं नाही. सोपा उपाय म्हणजे ऑक्टोबर लागला की कुंडी उचलून जिथे रात्री दिवा लागत नाही अशा जागी नेऊन ठेवायची. गच्चीचा मागचा कोपरा किंवा परसात विहिरीकडची बाजू चालते, फक्त शेळ्या तिथे पोहोचता कामा नयेत. दिवसा चार-पाच तास ऊन मिळालं पाहिजे. कळ्या मण्याएवढ्या दिसायला लागल्या की पुन्हा ओट्यावर आणली तरी चालते. तेव्हा दिव्याने काही बिघडत नाही.

पानफुटीचा भाऊबंद

कलांचो परदेशी असला तरी त्याचं कुळ गावाला अनोळखी नाही. पानफुटी सगळ्यांना माहीत आहे. काही भागात तिला घायमारी म्हणतात, संस्कृतात पर्णबीज. वहीत पान ठेवलं तरी कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात, हे शाळेत प्रत्येक पोराने करून पाहिलेलं असतं. पानफुटी आणि कलांचो एकाच कुळातले, इतकंच काय, एकाच वंशातले. दोघांची पानं रसाळ, दोघांची फुलं चार पाकळ्यांची. पानफुटीची फुलं नळीसारखी खाली लोंबतात, कलांचोची वर तोंड करून चांदणीसारखी उघडतात. गुलाबासारखी भरगच्च फुलं असलेले कलांचो मिळतात ते निवडीतून तयार केलेले वाण. त्यात चार पाकळ्या मोजायला गेलं तर सापडणार नाहीत.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कलांचोच्या पानाच्या कडेला पिल्लं येत नाहीत. त्याचं नुसतं पान मातीत टोचून रोप होईल या आशेवर बसू नये. काडी लावावी.

या वंशातल्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही आहेत. ‘कलांचो भिडेई’ ही त्यातलीच एक. भिडे नावाच्या वनस्पती अभ्यासकाच्या नावावरून तिचं नाव पडलं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या थिओडोर कुक यांनी ते दिलं. म्हणजे हे घराणं काही कालपरवा नर्सरीच्या गाडीतून आलेलं नाही.

बाजारातला कलांचो मात्र मूळचा मादागास्करचा. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात जे मोठं बेट आहे, त्याच्या उत्तरेकडच्या त्सारातानाना या उंच डोंगराळ भागातला. १९३२ साली जर्मनीतल्या पॉट्सडॅम गावच्या रोबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी तो युरोपच्या बाजारात आणला आणि त्यांच्याच नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ‘कलांचो ब्लॉसफेल्डियाना’ असं झालं. पुढे हॉलंड आणि डेन्मार्कच्या काचघरांत त्याचे शेकडो रंगांचे वाण निघाले.

हे गाव सांगायचं कारण असं, की जाड पानं बघून लोक त्याला निवडुंगाच्या जातीचं समजतात आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर ठेवतात. ते वाळवंटातलं नाही, थंड डोंगरातलं आहे. पाणी कमी चालतं हे खरं, पण चाळीस अंशांचं ऊन चालत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून त्याला शेडनेटखाली किंवा आंब्या-लिंबाच्या सावलीत ठेवलं तरच ते जगतं. उन्हात पानं आधी लालसर होतात, मग कडेने करपतात.

सकाळी आंबट, दुपारी फिकं

पाणी कमी का लागतं, हीसुद्धा एक गंमत आहे, आणि तिचा शोध आपल्या देशातच लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाइन नावाच्या माणसाच्या बागेत पानफुटी होती. त्याच्या लक्षात आलं की तिचं पान सकाळी चावलं तर चांगलंच आंबट लागतं, दुपारपर्यंत चव जाते आणि संध्याकाळी ते कडवट होतं. हे त्याने लंडनला पत्राने कळवलं. १८१५ साली ते तिथल्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आलं.

कारण पुढे कळलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात. छिद्रं उघडली की पानातलं पाणीही उडून जातं. हे कुळ उलटं करतं. दिवसा छिद्रं बंद ठेवायची, रात्री गारव्यात उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा ऊन आलं की तेच आम्ल मोडून अन्न तयार करायचं. साठवलेलं आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब येते, तिच्यातही हेच आम्ल असतं. रात्रभर साठा भरतो म्हणून सकाळी पान आंबट. (हाइनसाहेबाने चावून बघितलं म्हणून आपण कलांचोचं पान चावून बघायचं नाही. का, ते पुढे येईल.)

या सवयीमुळे कुंडीतलं कलांचो तहानेने क्वचितच मरतं. मरतं ते पाण्याने. घरात चार माणसं असतील तर चौघंही येता-जाता तांब्या ओततात आणि आठ दिवसांत खोड बुडाशी काळं, मऊ पडतं. त्यानंतर औषध मारून उपयोग नसतो. वरचा चांगला शेंडा कापून नवीन काडी लावणं एवढंच हातात उरतं. म्हणून नियम साधा ठेवावा. मातीत बोट पेरभर घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. हिवाळ्यात हे आठवड्यातून एकदा येईल, उन्हाळ्यात दोनदा. पाणी मातीला द्यायचं, पानांवरून आणि फुलांवरून नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

काडीपासून रोप

मोठ्या नर्सऱ्याही कलांचो काडीनेच वाढवतात. बी राखेसारखं बारीक असतं, आणि संकरित वाणाच्या बियांतून तोच रंग येईल याची खात्री नसते.

काडी घ्यायला जून-जुलै चांगला. दिवस मोठा असतो म्हणून शेंडा फुलाकडे वळत नाही, मुळं आणि पानंच काढतो. शेंड्याकडची तीन इंचाची, पानांच्या दोन-तीन जोड्या असलेली, कळी नसलेली काडी धारदार ब्लेडने कापायची. खालची जोडी काढून टाकायची. कापलेली काडी लगेच मातीत न खोचता सावलीत दिवसभर पडू द्यायची, म्हणजे जखम सुकते. पावसाळ्यात ही एक गोष्ट केली तरी निम्मी सड वाचते.

माती मोकळी हवी. काळी कसदार माती कपाशीला चांगली असेल, कुंडीत ती दगड होते आणि पाणी धरते. एक घमेलं पोयटा किंवा लाल माती, एक घमेलं जाडी वाळू, एक घमेलं चाळलेलं गांडूळखत, असं मिश्रण बरं पडतं. कोकोपीट मिळत असेल तर गांडूळखत थोडं कमी करून ते घालावं. कच्चं शेणखत अजिबात नको. काडी इंचभर खोल लावून पहिलं पाणी झारीने द्यायचं आणि नंतर हात आखडता ठेवायचा. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढून बघितली की कळतं. ती अडून बसली तर मुळं आली.

पाऊस थेट अंगावर घेऊ नये. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर उघड्यावर ठेवणं म्हणजे रोपं वाहत्या पाण्यात टाकण्यासारखंच. वर पारदर्शक प्लास्टिक आणि चारही बाजूंनी वारा मोकळा, असा साधा मांडव पुरतो. बाजू बंद केल्या की पानांवर भुरी आलीच म्हणून समजा.

ऑगस्टमध्ये रोप चार-पाच जोड्यांचं झालं की शेंडा खुडायचा. बाजूने तीन-चार फांद्या फुटतात आणि पुढे प्रत्येकीवर झुबका येतो. खुडलेला शेंडा चांगला असेल तर तीही एक काडीच. सप्टेंबर सरल्यावर मात्र खुडणी करू नये, नाहीतर कळी धरणारा शेंडाच हातात येतो.

खत थोडं लागतं. ठिबकला देतो तेच १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा, तेही वाढीच्या काळात. ऑक्टोबरनंतर नत्र जवळपास बंद. इथे युरियाचा हात सैल सोडणाऱ्याला पानं भरपूर मिळतात, फुलं नाहीत.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. पानांच्या बगलेत कापसासारखा पुंजका दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. दहा-वीस कुंड्यांना एवढं पुरतं. कोवळ्या कळ्यांवर मावा येतो. या कुळाची पानं मेणचट असतात, तेलकट फवारणीने ती डागाळू शकतात. निंबोळी तेल असो की दुसरं काही, आधी एका कुंडीवर मारून तीन-चार दिवस थांबावं आणि मगच बाकीच्यांकडे वळावं.

दिवाळीला फूल हवं असेल तर

आपोआप फुलणारं कलांचो दिवाळी हुकवतं. ग्राहक मात्र दिवाळीतच कुंडी मागतो. त्यासाठी रात्र विकत घ्यावी लागत नाही, करावी लागते.

दिवाळीच्या साधारण तीन महिने आधी, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, तयार रोपांवर संध्याकाळी सहाला काळं जाड कापड किंवा काळा प्लास्टिक कागद टाकायचा आणि सकाळी आठला काढायचा. कागद पानांना टेकू नये म्हणून बांबूच्या कमानी कराव्यात. हे सलग पाच-सहा आठवडे. रविवारही नाही, पोळाही नाही. मध्ये दोन-तीन रात्री चुकल्या तर फूल मागे पडतं आणि सगळ्या कुंड्या एकसारख्या फुलत नाहीत. घरात दहाच कुंड्या असतील तर कापडाऐवजी खोका पालथा घातला तरी चालतं, किंवा अंधाऱ्या खोलीत ने-आण करता येते. सप्टेंबरच्या मध्यानंतर निसर्गाची रात्रच लांबत जाते, पण बल्बपासून तेव्हाही लांबच ठेवायचं.

यात अडचण उकाड्याची आहे. काळ्या प्लास्टिकखाली ऑगस्टच्या दमट हवेत तापमान चढतं आणि गरम रात्रीत कलांचो कळी धरायला टाळाटाळ करतं. म्हणून प्लास्टिकपेक्षा दुहेरी काळं सुती कापड बरं. पूर्ण अंधार पडल्यावर रात्री खालून हवेला जागा करून द्यावी आणि पहाटे पुन्हा खाली सोडावं. बाहेर अंधार असताना झाकणं थोडं उघडं असलं तरी मोजणी मोडत नाही, फक्त जवळपास दिवा नको. वीस अंशांच्या आसपासची रात्र या झाडाला सगळ्यात मानवते. म्हणूनच महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड हवेत ते जे रूप घेतं, ते खाली मैदानात घेत नाही. तशी अपेक्षाही धरू नये.

धंदा म्हणून किती खरं?

मोबाईलवर ‘एका गुंठ्यात लाखोंचं उत्पन्न’ अशा चित्रफिती फिरतात. कलांचोबाबत त्या मनावर घेऊ नयेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात मोठ्या नर्सऱ्यांची दाटी आहे आणि आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात. त्यांच्या भावाशी गावातला माणूस टक्कर देऊ शकत नाही.

पण त्यांच्याकडची कुंडी गावापर्यंत येईतो दोन-तीन हात बदलते, प्रवासात झुबके मोडतात आणि भाडं वाढतं. तालुक्याच्या जागी, शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमांना, हळदी-कुंकवाच्या वाणाला शंभर-दोनशे कुंड्या लागणार असतील तर त्या जवळच तयार झालेल्या परवडतात. संक्रांतीचं हळदी-कुंकू नेमकं कलांचोच्या फुलोऱ्यात येतं. प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा बायका अलीकडे रोपं वाटू लागल्या आहेत, ही बचत गटांनी पकडण्यासारखी संधी आहे. चार इंची कुंडी, माती, खत आणि मांडव एवढाच खर्च. काड्या पहिल्या वर्षी आठ-दहा चांगल्या कुंड्या विकत घेऊन त्यांच्यापासूनच होतात.

हिशोब करताना एक गोष्ट मात्र धरायलाच हवी. कलांचो फुलावर असतानाच विकलं जातं. फुलं गेली की तीच कुंडी पाव किमतीतही कोणी घेत नाही. म्हणून आधी मागणी विचारून मग काड्या लावाव्यात. काड्या लावून मग गिऱ्हाईक शोधायला निघालं तर फेब्रुवारीत सगळा माल अंगावर पडतो.

मूतखडा आणि पानफुटी

कलांचोचा विषय निघाला की गावात दुसरा विषय निघतोच: ‘ही पानफुटीच ना? मग मूतखड्यावर चालत असेल!’ इथे जरा थांबायला हवं.

पहिलं म्हणजे नावांचा गोंधळ. आयुर्वेदात मूतखड्यासाठी सांगितलेला पाषाणभेद म्हणजे मुख्यतः हिमालयात दगडांच्या कपारीत उगवणारी एक वेगळीच वनस्पती. पानफुटीला हिंदीत पथरचट्टा म्हणतात, आणि ओव्याच्या वासाच्या जाड पानांच्या झाडालाही काही ठिकाणी तशाच नावाने ओळखतात. म्हणजे एका नावाखाली तीन झाडं. मोबाईलवर आलेल्या निरोपात फोटो एकाचा, गुण दुसऱ्याचा आणि अंगणातून तोडलेलं पान तिसऱ्याचंच, असं सहज होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. या वंशातल्या अनेक जातींत, कलांचो आणि पानफुटी धरून, हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. मात्रा वाढली की हृदयाचे ठोके बिघडतात. बाजारातल्या कलांचोचं पान औषध म्हणून खायचंच नाही, हा प्रश्न इथेच संपतो. पानफुटी जुन्या जाणत्यांच्या वापरात आहे हे खरं. पण रोज सकाळी मूठभर पानं महिनोन्‌महिने चावणं हा जुना वापर नव्हे. हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तर त्या वाटेला जाऊच नये. कमरेतून खाली कळ येते आहे, सोबत थंडी-ताप आहे किंवा लघवी अडली आहे, अशा वेळी पान शोधत बसण्यापेक्षा सोनोग्राफी करून घ्यावी. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर मूत्रपिंड निकामी व्हायला वेळ लागत नाही.

छाटणीचा पाला उकिरड्यावर टाकू नका

फेब्रुवारीअखेर फुलं सुकली की देठासकट कापून टाकावीत आणि फांद्या दोन जोड्या पानं ठेवून छाटाव्यात. झाडाला महिनाभर विश्रांती, पाणी कमी, जागा सावलीची. जूनमध्ये पुन्हा काड्या. दोन-तीन वर्षांत जुनं झाड लाकडासारखं होतं, खाली उघडं पडतं. त्याला ओढत बसण्यापेक्षा नवीन काडीच बरी.

या छाटणीच्या पाल्याचं काय करायचं, हा प्रश्न घरात शेळी-गाय असेल तर फार महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत याच कुळातल्या झाडांनी शेळ्या-मेंढ्यांना होणारा एक जुना, ओळखीचा आजार आहे. जनावर रोज थोडं थोडं खातं, विष अंगात साठत जातं आणि मग मान लुळी पडते. ऑस्ट्रेलियात कलांचोची एक जात गायरानात तण म्हणून पसरली आहे. १९९७ साली न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ ती खाऊन १२५ गुरं दगावली. विष फुलांत जास्त असतं. म्हणजे कापून टाकलेले सुकलेले झुबके हाच सगळ्यात धोक्याचा भाग.

एरवी जनावर या पानांना फारसं तोंड लावत नाही. पण उन्हाळ्यात चारा आटलेला असतो आणि नेमकी त्याच वेळी छाटणी होते. रसाळ हिरवा ढीग उकिरड्यावर पडलेला दिसला की दोन दिवसांची उपाशी शेळी विचार करत नाही. म्हणून पाला खड्ड्यात पुरावा किंवा पूर्ण वाळवून जाळावा. नुसता फेकला तर ओलाव्यात त्याला पुन्हा मुळं फुटतात. कुंड्या शेळ्यांच्या दाव्याच्या टप्प्याबाहेर ठेवाव्यात. कुत्र्या-मांजरांनाही यामुळे उलट्या-जुलाब होतात.

जनावराने खाल्ल्याची शंका आली, लाळ गळते आहे, पातळ शेण पडतं आहे, जनावर सुस्त पडून चालताना झोकांड्या खातं आहे, असं दिसलं तर तेल-ताक पाजत वेळ घालवू नये. जनावराला पळवू नये, हृदयावर ताण येतो. सावलीत बांधून लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक बोलवावं. डॉक्टर आले की काय खाल्लं हे सांगायला त्या झाडाची फांदी हाताशी असू द्यावी, म्हणजे उपचार ठरवायला वेळ जात नाही.